‘जेवलीस का?’ विचारायचं नाही

क्लिनिकमधल्या बाईंनी मला एकच नियम सांगितला आणि नेमका तोच मला पाळता येईना. मुलीला खाण्याबद्दल काही विचारायचं नाही. खाल्लंस का, काय खाल्लंस, अजून घेणार का, काही म्हणजे काही नाही. तिच्या ताटाकडे बघायचं नाही. तिने खाल्लं तर शाबासकी द्यायची नाही, नाही खाल्लं तर तोंड पाडायचं नाही. या बाई तिथल्या थेरपिस्ट, वयाने माझ्यापेक्षा बऱ्याच लहान, पायात पांढरे स्पोर्ट्स शूज, आणि आवाज इतका मऊ की भांडायलाही जागा नाही. मी ‘जा, जा’, म्हणजे जर्मनमधलं ‘हो, हो’, करत मान हलवत होते आणि मनात म्हणत होते, अगं बाई, मग मी बोलू तरी काय?

कारण आमच्याकडे आई दुसरं बोलते काय? फोन उचलला की ‘जेवलीस का?’ परीक्षेत दिवे लावले की ‘ते बघू नंतर, आधी जेवून घे.’ भांडून, दार आपटून खोलीत जाऊन बसलं की थोड्या वेळाने दाराबाहेर आवाज यायचा, ‘पानं घेतलीत, ये.’ म्हणजे भांडण मिटलं. माझ्या आईने मला ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ असं जन्मात म्हटलेलं नाही. म्हटलं असतं तर मी घाबरलेच असते, डॉक्टरांनी हिला काही वाईट सांगितलंय की काय म्हणून. हे सगळं मी त्या बाईंना माझ्या मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, गेनाऊ, अगदी तेच, म्हणूनच नको.

आम्ही मूळचे नगरचे, ख्रिस्ती. आता शहराचं नाव बदललं, पण तोंडात नगरच बसलंय. नवरा गाड्यांचा इंजिनिअर, त्याच्या नोकरीपायी आम्ही जर्मनीत र्युसेल्सहाइमला आलो. मी घरातून एका कंपनीचं सॉफ्टवेअर तपासते, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार घेते. नवरा म्हणतो, तो तर तुझा जन्मजात छंद. मुलगी एकुलती एक, इथेच जन्मलेली, चौदा वर्षांची. मराठी सगळं कळतं, शिव्यासुद्धा. उत्तर मात्र जर्मनमध्ये. आम्ही मराठीत विचारायचं, तिने जर्मनमध्ये सांगायचं, आणि घर बरं चाललं होतं.

बारीक बघायची सवय मला आईकडून लागली. आई नगरला राहते, एकटी. प्राथमिक शाळेत शिक्षिका होती आणि रविवारी चर्चमध्ये संडे स्कूल घ्यायची. बाकीच्या बाया मुलांना मोठाले चमत्कार सांगायच्या, समुद्र दुभंगला, भिंती पडल्या. आईचं लक्ष भलतीकडेच. पाच भाकरी आणि दोन माशांत प्रभूने पाच हजार माणसं जेवू घातली हे सगळ्यांना ठाऊक असतं. आई विचारायची, लोक बसले कशावर? मग ती सांगायची, शास्त्रात, म्हणजे बायबलात, लिहिलंय की तिथे पुष्कळ गवत होतं. खडीवर नाही बसवलं देवाने, दिवसभर चालून आलेली माणसं होती. आणि जेवण झाल्यावर उरलेले तुकडे गोळा करायला लावले, टाकून नाही दिले. रात्रभर जाळं टाकून दमलेले शिष्य किनाऱ्यावर पोचतात तर निखारे आधीच पेटलेले, वर मासा ठेवलेला, शेजारी भाकर. आई म्हणायची, बघा, तो जगाचा धनी, पण चूल स्वतः पेटवली. हे सांगताना तिचे डोळे भरून यायचे आणि आम्ही पोरं खिदळायचो.

यातली तिची सगळ्यात लाडकी गोष्ट त्या बारा वर्षांच्या मुलीची. बाप सभास्थानाचा मोठा अधिकारी, तो पाया पडून सांगतो, माझी लेक मरायला टेकलीय, चला. प्रभू निघतो, वाटेत एका आजारी बाईसाठी थांबतो, आणि तेवढ्यात घरून निरोप येतो की पोर गेली. तरीही तो जातो, रडणाऱ्यांना बाहेर काढतो, आईबापाला आत घेतो, मुलीचा हात धरतो आणि म्हणतो, मुली, ऊठ. ती उठून चालायला लागते. इथे आई थांबायची. आता तो काय म्हणाला असेल? देवाची स्तुती करा? देवळात जाऊन अर्पण द्या? नाही. म्हणाला, हिला काहीतरी खायला द्या. आई हात जोडायची. आईबाप आनंदाने वेडे झालेले, पोरीच्या पोटात किती दिवस काही नाही हे त्यांच्यासुद्धा लक्षात आलं नाही, ते त्याच्या लक्षात आलं.

मला लहानपणी वाटायचं, हा देव आमच्या आईसारखाच आहे. जेवणापलीकडे याला दुसरं काही सुचत नाही.

आमच्या घरात ते कधी सुरू झालं, मला सांगता येत नाही. मी चुका शोधणारी बाई, आणि माझ्या डोळ्यादेखत चालू असलेलं मला दिसलं नाही. सकाळी तिच्या ब्रोटडोझमध्ये, म्हणजे शाळेच्या डब्यात, मी थालीपीठ नाहीतर पोळीची गुंडाळी द्यायची. डबा दुपारी रिकामा परत यायचा, मी खूश. नंतर कधीतरी तिनेच सांगितलं की माझी थालीपिठं माइन नदीवरच्या बदकांनी खाल्ली. घरी आली की मी विचारायची, ‘जेवलीस का?’ आणि ती पायातले बूट काढता काढता म्हणायची, ‘हाब शोन गेगेसन.’ जेवून झालंय. मैत्रिणीकडे, शाळेत, वाटेत. तीन शब्द, आणि मी त्यांच्यावर विश्वास ठेवत गेले. जर्मनमध्ये कुणी खोटं बोलतं असं मला वाटतच नव्हतं की काय कोण जाणे.

उन्हाळ्याची सुट्टी संपली तेव्हा तिचे हात बघून मी चरकले. मग सुरू झालं ते रोजचं युद्ध. मी गोड बोलले, ओरडले, रडले. शिरा केला, पुरणपोळ्या केल्या, नगरहून मसाला मागवून मटण केलं. नवरा म्हणायचा, वय आहे, मुली करतात, होईल कमी. मी त्याच्यावर खेकसायची. ती टेबलावर बसायची, एका शेंगेचे चार तुकडे करायची आणि ते ताटभर फिरवत राहायची. आमच्याकडे म्हण आहे, दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत. इथे दात होते, चणे होते, आणि पोर चण्यांकडे बघून थरथरत होती. याला काय म्हणायचं ते आमच्या कुठल्या म्हणीत नाही.

ऑक्टोबरात इथल्या चर्चमध्ये एर्नटेडांक असतो, आपला हंगामाचा सण. नगरला हंगामाच्या सणाला उपासना झाली की लिलाव व्हायचा, कोंबड्या, अंडी, वांगी, सगळ्याचा. आईने एकदा स्वतःच्याच दारातला भोपळा अर्पण केला आणि मग दुसऱ्या बाईच्या घरी जायला नको म्हणून लिलावात स्वतःच बोली लावून घरी आणला. इथे लिलाव नसतो. वेदीवर भोपळे, सफरचंदं, बटाटे, गव्हाच्या पेंढ्या नीट रचून ठेवतात, खरंच सुंदर दिसतं. कन्फर्मेशनच्या, म्हणजे मंडळीत पक्कं सामील होण्याआधीच्या, वर्गातल्या मुलांनी स्वतः भाजलेली एक मोठी भाकर, म्हणजे तो गोल ब्रोट, मधल्या वाटेने वेदीपर्यंत न्यायचा होता, आणि तो न्यायचं काम आमच्या मुलीकडे आलं होतं.

तिने अंगात जाड स्वेटर घातला होता, वरून कोट. दोन्ही हातांत तो ब्रोट धरून ती चालत आली. ऑर्गन वाजत होता, पाळकबाई वेदीपाशी हसऱ्या चेहऱ्याने उभ्या होत्या. सगळं देणाऱ्या देवाचे आभार मानायचं गाणं चाललं होतं. वेदीच्या पायरीपाशी ती थांबली, आणि उभी होती तिथेच खाली बसल्यासारखी पडली. ब्रोट गडगडत पहिल्या बाकाखाली गेला. तिथल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी आधी तो ब्रोट उचलला, बाहीने पुसला आणि वेदीवर ठेवला. मग त्यांना मुलगी दिसली. मी त्यांना कधी माफ करणार नाही असं त्या वेळी वाटलं होतं. बिचाऱ्यांचा काय दोष, त्यांना शिकवणच ती, की अन्न जमिनीवर राहू द्यायचं नाही.

नोटआउफनामेमध्ये, म्हणजे हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात, सलाईन लावलं. तिथल्या डॉक्टरांनी आम्हा दोघांना बाहेर बोलावून आजाराचं नाव सांगितलं. तिचं हृदय दमलंय, म्हणाले, असंच चाललं तर थांबू शकतं. नवरा भिंतीला टेकून उभा होता. मी त्यांना विचारलं, मग खायचं औषध काय? ते म्हणाले, खाणं हेच औषध आहे. मला हसू आलं, इतकं की नवऱ्याने माझा दंड धरला.

या आजाराच्या क्लिनिकमध्ये लगेच जागा मिळत नाही. वार्टेलिस्टे. नाव घालायचं आणि वाट बघायची. आम्ही चारही दिशांना नावं घातली. रोज सकाळी फोन करायचे, आणि पलीकडून सभ्य आवाज यायचा की लायडर, दुर्दैवाने, अजून नाही. त्या आठवड्यांत मला शास्त्रातल्या त्या बापाची फार आठवण व्हायची. प्रभू वाटेत थांबलाय, त्या दुसऱ्या बाईशी बोलतोय, तिचंही दुखणं जुनंच, तिचंही खरंच, पण याची पोर तिकडे मरतेय. त्या बापाने काय केलं असेल तेवढा वेळ? लिहिलेलं नाही. गप्प उभा राहिला असणार. मी त्याच्या जागी असते तर त्या बाईला ढकलून दिलं असतं.

हॉस्पिटलमधून घरी आणल्यावर एका संध्याकाळी मी वरणभात कालवला, तूप घातलं, आणि तिला भरवायला बसले. लहान असताना भरवायची तसाच घास करून. तिने तोंड मिटलं. मी दुसऱ्या हाताने तिची हनुवटी धरली. ती रडत होती, मी रडत होते, आणि मी तो घास तिच्या ओठांतून आत ढकलला. तिने तो माझ्या हातावर थुंकला आणि जर्मनमध्ये म्हणाली की तू मला घाबरवतेस. ज्याला जे म्हणायचंय ते म्हणो, माझ्या जागी नगरची कुठलीही आई असती तर तिने हेच केलं असतं.

त्या संध्याकाळनंतर मी प्रार्थना सोडली. ठरवून नाही. चर्चमध्ये सगळे एका सुरात प्रभूची प्रार्थना म्हणतात ना, त्यात ‘रोजची भाकर आज आम्हाला दे’ ही ओळ आली की माझे ओठ हलेनासे झाले. आम्हाला भाकर नको होती. भाकर फडताळात होती, फ्रीजमध्ये होती, खालच्या बेकरीत सकाळी सहापासून होती. ज्याने चोच दिली तो चारा देतो, हे आई येताजाता म्हणायची. बरोबर आहे. चोच दिली, चारा दिला. चोच उघडायची कुणी? मी देवाला सरळ म्हणाले, तू नुसता देणाराच आहेस, तुझ्या देण्याचा मला काही उपयोग नाही.

आई रोज व्हिडिओ कॉल करायची. घरात कुणाला सांगायचं नाही असं ठरवलं होतं. सासूबाईंना आम्ही अशक्तपणा आहे म्हणून सांगितलं होतं आणि त्यांनी बदाम पाठवायची तयारी चालवली होती. आईपासून मात्र लपवता आलं नाही. ती म्हणायची, आमची प्रार्थना चालू आहे, धीर धर, तो विश्वासू आहे. एक दिवस तिने तीच गोष्ट काढली. म्हणाली, आठवतं ना, त्या मुलीला उठवल्यावर तो काय म्हणाला? त्याला मुलींच्या भुकेची काळजी आहे बाळा.

माझं डोकं फिरलं. आजवर आईशी मी इतक्या जोरात कधी बोलले नव्हते. मी म्हणाले, “त्याने सांगितलं, हिला खाऊ घाला. छान. खाल्लं का तिने? सांग ना, एवढी बारीक वाचतेस तू, खाल्लं असं लिहिलंय कुठे?”

आई स्क्रीनवर चष्मा हातात घेऊन बसली होती. तिने तो पुसला. मग म्हणाली, नाही, तसं लिहिलेलं नाही खरं. मी फोन ठेवून दिला. त्या क्षणी मला जिंकल्यासारखं वाटलं, आणि लगेच इतकं भकास वाटलं की मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसले. तिच्या आयुष्यभराच्या आवडत्या गोष्टीतली चूक काढली होती मी. ते तर माझं कामच आहे.

काही दिवस आईचा फोन आला नाही. मीही केला नाही. मग आला तेव्हा नमस्कार-चमत्कार काही न करता ती म्हणाली, मी तिन्ही ठिकाणी नीट बघितलं. मला आधी कळेचना कशाबद्दल बोलतेय. ती गोष्ट शास्त्रात तीनदा येते, त्यातल्या एका ठिकाणी खाण्याचा उल्लेखच नाही, आणि दोन ठिकाणी आहे. “पण तू चुकीचं म्हणालीस,” ती म्हणाली. “खाऊ घाला असं तो म्हणत नाही. खायला द्या म्हणतो. घालणं वेगळं आणि देणं वेगळं. आईबापाला त्याने फक्त द्यायला सांगितलंय.”

मी म्हणाले, आई, शब्दांचा कीस पाडू नकोस. पोर मरतेय माझी. ती म्हणाली, माहीत आहे मला. तिचा चेहरा खूप उतरला होता. मला तिला विचारावंसं वाटलं की तू जेवतेस ना नीट, पण विचारलं नाही. तिच्या त्या घालण्या-देण्याच्या फरकातून मला काडीचा दिलासा मिळाला नाही. उलट राग आला, की पोरीच्या जिवाशी गाठ आहे आणि हिचं व्याकरण चाललंय.

जानेवारीत जागा मिळाली. हायडेलबर्गच्या पुढे, नेकरच्या काठाने वर गेलं की एक लहानसं गाव आहे, तिथे. नदी, झाडी, वर टेकडी. एरवी माणूस फोटो काढेल अशी जागा. आम्ही तिला सोडलं तेव्हा तिने मागे वळून बघितलं नाही. आणि मग तो नियम, जो मी सुरुवातीला सांगितला.

रविवारी भेटायला जायची परवानगी होती. मानहाइमला गाडी बदलून जायचं. पहिल्या दोन-तीन भेटी कशा गेल्या ते आठवलं तरी मला आता लाज आणि हसू दोन्ही येतं. जिभेवर तो प्रश्न यायचा आणि मी तो गिळायची. हवा कशी आहे. शेजाऱ्यांचा कुत्रा कसा आहे. बाबांच्या ऑफिसात काय चाललंय. तिला हो-नाही एवढंच. दहा मिनिटांत सगळं संपायचं, मग आम्ही खिडकीतून नदीतल्या मालवाहू बोटी बघत बसायचो. एका प्रश्नाशिवाय माझ्याकडे तिच्यासाठी बोलायला काहीच नाही, हे मला तिथे कळलं. चौदा वर्षं मी तिच्याशी बोलत होते असं मला वाटत होतं. मी फक्त ताट वाढत होते.

आणि तिच्यात फरक काही नव्हता. थेरपिस्टबाई म्हणायच्या, वेळ लागतो. कधी थोडं पुढे, कधी मागे. एका आठवड्यात तिला पुन्हा नाकातून नळी घातली होती, तेव्हा मी तिच्याकडे बघूच शकले नाही. नळीतून जातं ते अन्न की काय? कुणी दिलं ते, कुणी घेतलं? असल्या प्रश्नांनी माझं डोकं पोखरलं होतं. परत येताना गाडीत मी खिडकीला डोकं टेकून बसायची आणि मला स्पष्ट दिसायचं की ती वाचणार नाही. हे मी नवऱ्याला सांगितलं नाही, तोही मला काही सांगत नव्हता. आम्ही दोघं स्वयंपाकघरात उभ्याउभ्या काहीबाही तोंडात टाकायचो. नंतर नंतर मी तेही सोडलं. भूकच लागत नव्हती. कॉफीवर दिवस जायचा. टेबलावर तिची खुर्ची रिकामी असताना ताट वाढून घ्यायचं म्हणजे काहीतरी चोरून खाल्ल्यासारखं वाटायचं.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी नवरा तापाने पडला होता म्हणून मी एकटी गेले. थेरपिस्टबाई आल्या नव्हत्या, पण त्यांनी निरोप ठेवला होता की आज दुपारच्या खाण्याला मी मुलीबरोबर बसून बघावं. म्हणजे ती खाणार, मी शेजारी बसणार आणि दुसरं काहीतरी बोलणार. मला धडकीच भरली. एका छोट्या खोलीत आम्हाला बसवलं, दार लावून घेतलं. तिथली नर्स, सगळे तिला श्वेस्टर म्हणायचे, कोपऱ्यात खुर्ची टाकून बसली. मुलीच्या पुढे ताटली आली. एक छोटा गोल पाव, लोणी, चीजचा तुकडा, दह्याची वाटी.

मी ताटलीकडे बघायचं नाही म्हणून भिंतीवरच्या चित्राकडे बघत बोलायला लागले. बर्फ वितळलाय म्हणाले. बाबांना ताप आलाय, पण काळजीचं नाही. आजीने तुला विचारलंय. खालच्या बेकरीत… आणि तिथे जीभ चावली. मग मी मुकाट्याने माझ्या हातातल्या अंगठीशी खेळत बसले. अंगठी सैल झाली होती, बोटावर गोल गोल फिरत होती, आणि एकदा सटकून टेबलावर पडली. मी ती उचलली. सकाळपासून माझ्या पोटात कॉफीखेरीज काही नव्हतं.

मुलीने अंगठीकडे बघितलं. मग माझ्या मनगटाकडे. बऱ्याच महिन्यांनी ती माझ्याकडे नीट बघत होती. आणि मराठीत, प्रत्येक अक्षर जपून उचलल्यासारखी, म्हणाली,

“आई, तू जेवलीस का?”

मी आयुष्यात हा प्रश्न हजारो वेळा ऐकलाय, हजारो वेळा विचारलाय. कधी उत्तराचा विचार करावा लागला नाही. त्या दिवशी मी मान वर केली आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, “जा, जा. हाब शोन गेगेसन.”

ती नुसती बघत राहिली. तो खोटेपणा तिच्याइतका कुणाला ओळखीचा असणार? मी नजर वळवली. बूट काढता काढता ती कशी खाली बघायची, तशीच मी खाली बघत होते. मग तिने खुर्चीतल्या खुर्चीत वळून त्या श्वेस्टरला हळू आवाजात काहीतरी विचारलं. जर्मनमध्ये. साधं वाक्य, शाळेतलं पोरगंही बोलेल असं. ते माझ्या कानांवर पडलं आणि मी टेबलाची कड धरली.

ती म्हणाली होती, माझ्या आईला काहीतरी खायला द्या.

श्वेस्टर उठली आणि दुसरी ताटली घेऊन आली. तोच पाव, तेच लोणी, तोच चीजचा तुकडा. माझ्यापुढे ठेवली आणि पुन्हा कोपऱ्यात जाऊन बसली. कुणी मला खा म्हणालं नाही. मी पावाचा तुकडा मोडला आणि तोंडात घातला. तो घशाखाली उतरेना. चावते आहे, चावते आहे, तोंडात त्याचा नुसता चिखल झालाय. समोर माझी मुलगी तिच्या ताटलीपुढे बसलेली, आणि तीही माझ्या ताटलीकडे बघत नव्हती. खिडकीबाहेरच्या नदीकडे बघत होती आणि मला विचारत होती की आजी आता कशी आहे, तिचे गुडघे अजून दुखतात का. जर्मनमध्येच. मी घास गिळला आणि उत्तर दिलं.

परतताना मानहाइमच्या प्लॅटफॉर्मवरून आईला फोन लावला. तिने नेहमीसारखं आधी तेच विचारलं. मी म्हणाले, “हो गं, थोडं जेवले. तिने त्यांना सांगितलं, आईला खायला द्या.” तिकडे नगरला आईने नाक ओढल्याचं ऐकू आलं. गाडीची घोषणा झाली. नातीने खाल्लं का, हे तिने विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.